बरोबर उत्तर : गंभीर

नातीच्या वहीत लाल फुली पडली, ती माझ्यामुळे. इयत्ता पाचवी, विषय मराठी. गृहपाठ असा होता : 'विनोदी' या शब्दाचे दोन समानार्थी शब्द लिहा, एक विरुद्धार्थी शब्द लिहा, वाक्यात उपयोग करा. रात्री साडेनऊला, दप्तर भरता भरता, तिने वही माझ्यापुढे टाकली. मी पस्तीस वर्षं मराठी शिकवून निवृत्त झालेला माणूस. मार्मिक, मिश्किल, खुमासदार, हजरजबाबी, खोचक, तिरकस, असा मी सुटलो तो ती "बास आबा, दोनच मागितलेत" म्हणाली तेव्हा थांबलो. विरुद्धार्थी शब्द म्हणून मी सांगितलं, पाचकळ.

"मॅडमनी गंभीर शिकवलंय."

"मॅडमना सांग, आबांनी सांगितलंय."

दुसऱ्या दिवशी पाचकळवर फुली होती, शेजारी सुवाच्य अक्षरात 'गंभीर' होतं आणि त्या प्रश्नाला शून्य होतं. वाक्यात उपयोग नातीने एकटीने केला होता, त्याला मात्र पैकीच्या पैकी. ते वाक्य असं : 'माझे आबा विनोदी आहेत, ते विनोद सांगतात आणि आधी स्वतःच हसतात.'

या वाक्याकडे मी तूर्त दुर्लक्ष करतो.

माझा मुद्दा शून्याचा नाही. (नातीचा होता. तिने दोन दिवस मला चहाला हाक मारली नाही.) माझा मुद्दा असा की विनोदीच्या विरुद्ध गंभीर हे उत्तर पुण्या-मुंबईत बरोबर असेलही, पण बारामती आणि इंदापूर या दोन तालुक्यांत ते चालायचं नाही. इथे गंभीर माणसाचीच भीती बाळगावी लागते. आमच्याकडे उसाने भरलेल्या बैलगाडीवर, वाढ्यांच्या ढिगावर बसलेल्या माणसाला कुणी सहज विचारतं, "काय तात्या, ऊस तोडला का?" तात्या बैलांवरची नजर न काढता सांगतो, "न्हाई, जरा फिरवून आणतोय." पुढे गाडी जाते, मागे विचारणारा उभा. रात्रपाळीच्या विजेची वाट बघत मोटारीपाशी बसलेल्याला विचारावं, "लाईट आली का?" तर तो म्हणतो, "येऊन गेली. तुमची चौकशी करत होती." या दोघांच्याही चेहऱ्यावर रेघ हललेली नसते. हसले असते तर उत्तराची किंमत निम्मी झाली असती.

एका लग्नातली गोष्ट सांगतो. पण तिच्याआधी पाण्याचं थोडं सांगायला हवं, कारण आमच्याकडे पाण्याशिवाय ऊसही येत नाही आणि विनोदही. वीर धरणातून नीरा डावा कालवा निघतो. इंग्रजांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीला काढलेला हा कालवा बारामती तालुक्यातून पुढे इंदापूर तालुक्यात जातो. वरच्यांना पाणी आधी, खालच्यांना नंतर. शेवटच्या गावांना 'टेल' म्हणायचं आणि टेलला पाणी पोहोचलं की नाही यावर माणसांची वर्षं जायची. पाणी सुटण्याला आवर्तन म्हणतात, ते वाटणाऱ्याला पाटकरी, आणि पाणी हवं असेल तर आधी सात नंबरचा अर्ज भरायचा. हे शब्द इथल्या पोराला बाराखडीच्या आधी येतात.

तर लग्न बारामतीकडचं, पाहुणे इंदापूरकडचे. मांडव लांबलचक, जमिनीवर पंगत, आणि पाहुणे नेमके ओळीच्या शेवटाला बसलेले. वाढप्यांनी वरच्या टोकाकडून सुरुवात केलेली. मी पाहुण्यांच्या समोरच्या ओळीत होतो. एका वयस्कर गृहस्थांनी टोपी मागे सारली, पत्रावळीवरच्या भाताला बोटांनी नीट आळं केलं, चहूबाजूंनी थापून घेतलं आणि वाट बघत बसले. बऱ्याच वेळाने आमटीची बादली आली. वरच्यांना पुरवता पुरवता तिच्यात बहुधा दोन-तीनदा पाणी ओतून झालं होतं. पहिल्याच पळीला आळं फुटलं. आमटी भातातून निघाली, लोणच्याला वळसा घालून बुंदीत शिरली. गृहस्थांनी तिचा प्रवास शेवटपर्यंत पाहिला. मग मान वर करून वाढप्याला अगदी चौकशीच्या सुरात म्हणाले, "पाटकरी, वरच्यांची भिजणी झाली का?"

वाढपी वीस-बावीस वर्षांचं पोरगं. त्याने पळी बादलीत सोडली.

"न्हाई, इचारलं," गृहस्थ म्हणाले, "आमी टेलची माणसं. आमच्यापत्तूर आलं म्हंजे वरती झालं असंल."

पोरगं क्षणभर थांबलं. मग तेवढ्याच सरळ चेहऱ्याने म्हणालं, "आबा, सात नंबरचा अर्ज भरलाय का?"

कुणी हसलं नाही. गृहस्थांनी मान डोलावली, पोराने आणखी अर्धी पळी घातली आणि पुढे सरकलं. मग मात्र त्या ओळीतले खांदे एकामागून एक हलायला लागले, वाऱ्याने उसाचे शेंडे हलतात तसे. यजमानांच्या कानावर हे कसं गेलं ठाऊक नाही, पण पाच मिनिटांत दुसरी बादली आली. तिच्यातल्या आमटीत डाळ होती.

आता या प्रसंगाला एक विशेषण लावा पाहू. मी घरी आल्यावर प्रयत्न केला. गृहस्थांचं बोलणं खोचक म्हणावं तर कुणाला खोच लागली नव्हती. टोमणा म्हणावा तर त्यात कडवटपणा लागतो; टोमणा मारणाऱ्याला समोरच्याचं वाईट वाटावं असं मनातून वाटत असतं. पोराला हजरजबाबी हा शब्द चपखल बसतो. फारसीतून आलेला हा शब्द आहे, जबाब हजर असलेला. आपला तसा जबाब नेहमी दुसऱ्या दिवशी आंघोळीच्या वेळी हजर होतो. राहता राहिला 'शालजोडीतला'. जोडा तोच, फक्त शालीत गुंडाळून दिलेला. यजमानांना मिळाला तो हा.

या शब्दांचा जरा नाद लागला म्हणून दाते-कर्वे यांच्या महाराष्ट्र शब्दकोशाचे खंड काढून बसलो. १९३२ ते १९३८ या काळात सात खंड निघाले, १९५० साली पुरवणी आली. एकेक खंड मांडीवर घेतला की पाय मुंग्या येऊन बधिर होतो, म्हणजे अभ्यास चालू आहे हे शरीरालाही कळतं. त्या वाचनात लक्षात आलेली गोष्ट अशी की मराठी माणूस चतुर विनोदाला नाव देताना तो अंगाला कुठे लागला ते बघतो. कोपरखळी कोपराने बसते. चिमटा बोटांनी काढतात. टपली डोक्यात. गुदगुल्या काखेत. टोला कुठेही. फिरकी घेतली की अख्खा माणूसच भोवऱ्यासारखा गरगरतो, आणि टोपी उडाली तर निदान डोकं जागेवर राहतं. डोक्याने करायच्या या उद्योगाला आपण हातापायांची नावं दिली आहेत. संस्कृतात याउलट. तिथे अशा चतुर माणसाला विदग्ध म्हणतात, म्हणजे नीट भाजून निघालेला. आमच्याकडे माठ कुंभाराकडून घेताना बोटाच्या पेराने वाजवून बघतात तेच हे. खण्ण वाजला तर विदग्ध, बद्द वाजला तर पाचकळ.

विनोद हा शब्द 'दूर लोटणे' या अर्थाच्या धातूपासून आला. शीण, कंटाळा, दुःख दूर लोटायचं. हसण्याचा त्यात उल्लेखही नाही. चेष्टा म्हणजे संस्कृतात नुसती हालचाल. मराठीत आल्यावर तिचा अर्थ थट्टा झाला, बहुधा आपल्याकडे कुणी जरा हालचाल केली की लगेच थट्टा होते म्हणून. मस्करी अरबीतून आली आणि इथे तिला लगेच जोडीदार मिळाला, मस्करीची कुस्करी. थट्टा, मस्करी, टिंगल, टवाळी, कुचेष्टा हा उतार आहे. पहिल्या पायरीवर दोघे हसतात, शेवटच्या पायरीवर एकच हसतो आणि दुसरा घरी जाऊन दार लावून घेतो. आणि कोटी. हा शब्द बारामतीत जपून वापरावा. "काल एकाने भारी कोटी केली" असं मी एकदा पारावर म्हणालो, तर तिघांनी एका सुरात विचारलं, "कशात? उसात का प्लॉटमध्ये?"

ही कोटी आमच्या मातीत नवी नाही. मराठी भाषेत शब्दांशी सर्वात जास्त खेळलेला माणूस याच गावात राहिला. मोरोपंत पराडकर, जन्म पन्हाळ्याचा, १७२९. बारामतीला नाईकांच्या आश्रयाला आले आणि १७९४ मध्ये इथेच वारले. आर्या हे वृत्त म्हटलं की मोरोपंत आठवतात. शाळेत त्यांची समासांनी ठासून भरलेली कविता पाठ करताना पोरं रडकुंडीला यायची आणि मीही त्यांना तशीच पाठ करायला लावत असे, कारण माझ्या मास्तरांनी मला लावली होती. त्यामुळे मोरोपंत म्हटलं की लोकांना पगडी, उपरणं आणि कपाळावरच्या आठ्या दिसतात. पण या माणसाने एकशे आठ रामायणं लिहिली आणि त्यांतल्या एकाचं नाव निरोष्ठ रामायण. निरोष्ठ म्हणजे ओठ न लागता. प, फ, ब, भ, म वर्ज्य. उ-ऊ आणि व हेही ओठांचेच, म्हणून तेही वर्ज्य.

जरा थांबून विचार करा. राम म्हणून बघा. ओठ मिटले? म्हणजे गेला. ज्याचं रामायण त्याचंच नाव घ्यायचं नाही! मी एकदा कागद-पेन्सिल घेऊन पात्रपरिचय करायला बसलो. राम नाही, लक्ष्मण नाही, भरत नाही, मारुती तर तीनपैकी दोन अक्षरांत अडकतो. रावण जातो, दशानन राहतो. राघव जातो, दाशरथी राहतो. बिचारी सीता तेवढी कुणाचीही परवानगी न घेता आत येते. कवीला शेवटी आपली सही करायचीही सोय नाही, मोरोपंतही बसत नाही आणि मयूरही बसत नाही. गावाचं नाव घालावं तर बारामतीच्या पहिल्याच अक्षराला ओठ आपटतात. तोंडात तंबाखू धरलेला माणूस 'हं'शिवाय बोलत नाही, कारण ओठ उघडले की संपलं. त्याला हे रामायण म्हणायला लावणं ही क्रूर शिक्षा होईल. याला नुसती कारागिरी म्हणून नाकं मुरडणारे टीकाकार होऊन गेले. असू दे. मला मात्र कऱ्हेकाठच्या एखाद्या वाड्यात तुळईखाली बसून, राम न म्हणता रामायण लिहायचं असं मनाशी ठरवणारा आणि तोंडावर काहीच न दाखवणारा माणूस दिसतो, आणि तो त्या लग्नातल्या गृहस्थांच्या भावकीतला वाटतो.

त्यांच्या केकावलीचं घ्या. देवाला मारलेल्या आर्त हाका. म्हातारपणीचं, भक्तीने ओथंबलेलं काव्य. त्याला नाव काय दिलं? केका म्हणजे मोराची साद. कवीचं नाव मोरो, म्हणजे मोर, म्हणून त्याच्या हाकांची ती केकावली. मोरो हे मोरेश्वराचं घरगुती रूप, आणि मोरावर बसणाऱ्या त्या मोरेश्वराचं मोरगाव आमच्याच तालुक्यात. डोळ्यांत पाणी आणून हाक मारायची आणि त्या हाकेच्या दारावर स्वतःच्या नावाची कोटी टांगायची! आता हे विनोदी की गंभीर, वहीत कुठल्या रकान्यात लिहायचं?

मोरोपंतांवरून मला दुसरी एक कल्पना सुचली आणि मी ती दोन-तीन जणांना ऐकवलीसुद्धा. बारामतीतून वाहते ती कऱ्हा. हीच कऱ्हा वरती सासवडवरून येते, आणि सासवडजवळच्या कोडीतला १८९८ साली आचार्य अत्रे जन्मले. विडंबनाची झेंडूची फुले त्यांचीच, आणि आत्मचरित्राला नाव दिलं कऱ्हेचे पाणी. बारामती मागे टाकून कऱ्हा नीरेला मिळते. नीरा पुढे इंदापूर तालुक्याच्या कडेकडेने जाते, आणि तिच्या पलीकडच्या काठाला अकलूज. तिथे १९२७ साली द. मा. मिरासदार जन्मले. त्यांच्या भोकरवाडीतले नाना चेंगट, बाबू पैलवान, गणा मास्तर हे आपण काही विनोदी करतोय या भानात कधीच नसतात. जगातला सर्वात महत्त्वाचा व्यवहार चालू आहे अशा चेहऱ्याने ते मूर्खपणा करतात. भोकरवाडी नकाशावर नाही, पण आमच्याकडे प्रत्येक गाव शेजारच्या गावाकडे बोट दाखवून 'तीच ती' म्हणतं. तर अत्रे, मोरोपंत, मिरासदार, सगळे एका पाण्यावरचे, असा माझा सिद्धांत. पारावर तो मांडल्यावर एक बापू शांतपणे ऐकत होते. संपल्यावर म्हणाले, "चांगलंय. फक्त कऱ्हंला पाणी कुठाय?"

सिद्धांत तिथेच जिरला. पण त्यातून एक शब्द मिळाला, तो कोशात नाही. आमच्या तालुक्याचे दोन भाग : कालव्याखालचा बागायत, आणि सुपे-मोरगावकडचा जिरायत. शाळेत मी बागायत × जिरायत ही विरुद्धार्थी जोडी फळ्यावर लिहायचो, ती मुलांना समजवावी लागत नसे. विनोदाचंही तसंच आहे. एक बागायती विनोद असतो. त्याला माइक लागतो, मागे ढोलकी लागते, सांगण्याआधी 'आता एक धमाल किस्सा' अशी मशागत लागते आणि शेवटी हशा पिकवण्यासाठी टाळ्यांचं खतही बाहेरून आणतात. दुसरा जिरायती. मिळाला तर एक पाऊस, नाहीतर दवावर येतो. दोनच ओळींचं पीक, पण कणीस टपोरं. बापूंचं ते 'पाणी कुठाय' म्हणजे निव्वळ जिरायती ज्वारी.

मग पाचकळ म्हणजे काय, हे सांगायला हवं, कारण माझं शून्य त्याच्यावर उभं आहे. चावट म्हणजे पाचकळ नाही. चावट बोलण्यात अक्कल असू शकते, आमच्या जात्यावरच्या म्हाताऱ्यांकडे ती भरपूर होती. आचरट म्हणजेही पाचकळ नाही, आचरटाला निदान उत्साह असतो. पाचकळ माणूस ओळखायची खूण एकच, तो ऐकणाऱ्याच्या आधी पोहोचतो. मोबाईल काढतो, चष्मा कपाळावर चढवतो, "एक बाई डॉक्टरकडे जाते" इथपर्यंत वाचतो आणि डॉक्टर यायच्या आधीच याचं पोट हलायला लागतं. उरलेला विनोद आपल्याला फक्त फुसफुशीच्या रूपात ऐकू येतो. शेवटी तो डोळे पुसत विचारतो, "कळला का?" आपण "वा, वा" म्हणतो, कारण त्याचा चहा प्यायलेला असतो.

हे लिहिताना हात जरा अडखळला. मोबाईल मीही काढतो. चष्मा कपाळावर मीही चढवतो. नातीच्या वहीतलं वाक्य पुन्हा डोळ्यांपुढे आलं, आणि त्याला मिळालेले पैकीच्या पैकी गुणही. सौभाग्यवतींना विचारलं, "मी विनोद सांगताना आधी हसतो का?" त्या भाजी निवडत होत्या. म्हणाल्या, "तुम्ही विनोद सांगता?"

एक अडचण मला शिक्षक असल्यापासून छळते. मख्ख हा शब्द कुठे टाकायचा? मख्ख माणूस विनोद कळला नाही म्हणून तसा बसलेला असतो, किंवा विनोद त्यानेच केला म्हणून. बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात. वर्गात मागच्या बाकावर असा एक मुलगा असायचा. सबंध वर्षभर मी त्याला ठोंब्या समजत होतो. निरोपसमारंभात त्याने माझी नक्कल केली, ती अशी की मलाच क्षणभर वाटलं, मी इथे बसलोय तर तिकडे कोण शिकवतंय.

पालकसभेला यंदा मुद्दाम मी गेलो. मुलगा-सून दोघांनाही सुट्टी नव्हती, हे खरं कारण. वही पिशवीत टाकली होती, हेही खरंच कारण. मॅडम तिशीच्या आतल्या, इंदापूरकडच्या. समोर हजेरीपट, शेजारी वह्यांचा गठ्ठा. नातीची प्रगती ऐकून घेतली, तिचं गणित कच्चं आहे हे समजलं, मग मी घसा साफ करून वही उघडली. विनोद, नुद् धातू, निरोष्ठ रामायण, सगळं थोडक्यात मांडलं. माझ्या मागे सात-आठ पालक उभे होते. मॅडमनी मला मध्ये तोडलं नाही. सगळं ऐकलं, वहीतल्या पाचकळकडे पाहिलं, फुलीकडे पाहिलं.

"सर, उत्तर बरोबर आहे तुमचं," त्या म्हणाल्या.

मी मागच्या पालकांकडे एक नजर टाकून घेतली.

"अर्धा गुण द्यायचाही होता." त्यांनी हजेरीपटावरून बोट खालपर्यंत फिरवलं. "पण पटावर तुमचं नाव सापडलं नाही."

आणि त्यांनी पुढच्या पालकांचं नाव पुकारलं. चेहरा होता तसाच. त्यांना माझी गंमत करायची होती की खरोखरच नियम सांगायचा होता, हे मला पायऱ्या उतरेपर्यंत ठरवता आलं नाही. फाटकापाशी नात उभी होती. तिचं दप्तर घेतलं आणि विचारलं, "काय गं, तुमच्या मॅडम वर्गात कधी हसतात का?"

"नाही," ती म्हणाली. "आम्हीच हसतो."